दुसऱ्याच्या खाड्यावर

पहाटेचा भोंगा झाला की गिरणीच्या फाटकाशी गर्दी दोन भागांत फुटायची. ज्यांचे नाव मस्टरवर होते ते डबा काखेत मारून सरळ आत जायचे. उरलेले भिंतीला लागून उभे राहायचे. यंत्रे सुरू होऊन थोडा वेळ गेला की खात्यातला जॉबर बाहेर यायचा. आज आपल्याकडे किती खाडे पडले, हे त्याला एव्हाना कळलेले असायचे. कोणाला ताप भरलेला, कोणी गावाला गेलेला, कोणाकडे मयत झालेली. जितके खाडे तितकी माणसे तो बोटाने निवडायचा. बाकीच्यांनी खोलीवर परतायचे, नाहीतर पुढच्या पाळीला पुन्हा येऊन त्याच भिंतीला टेकायचे.

या बाहेर उभ्या राहणाऱ्याला गिरणगावात ‘बदली’ म्हणत. बदली कामगार, बदलीवाला. दुसऱ्याच्या जागी काम करतो तो बदली. नाव तात्पुरते, पण कित्येकांची उमेदीची वर्षे या नावाखाली गेली. रोज कोणाचा तरी खाडा पडण्याची वाट पाहायची आणि त्यावर चूल पेटवायची. ज्याचा खाडा पडायचा तो पुष्कळदा त्याच्याच गावचा, त्याच्याच खोलीत वळकटी टाकणारा असायचा.

मुंबईच्या कापड गिरण्यांचा इतिहास संपांच्या सालांनी सांगण्याची पद्धत आहे: 1928, 1982. संप मोठे होते आणि ते सांगितलेच पाहिजेत. पण फाटकाबाहेरच्या या माणसाच्या जागेवरून पाहिले तर आणखी एक गोष्ट दिसते. तेजीचा पैसा कोणाच्या घरी जाणार आणि मंदी कोणाच्या घरी उतरणार, याचा निकाल या धंद्यात संपांच्या कितीतरी आधी लागलेला होता.

कावसजी नानाभाई दावर यांनी 1854 मध्ये ‘बॉम्बे स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी’ काढली आणि 1856 मध्ये ताडदेवला तिची यंत्रे फिरू लागली. भांडवल पाच लाख रुपये, पाच हजारांचा एक असे शंभर शेअर. म्हणजे मुंबईतली पहिली कापड गिरणी जन्मली तीच मुळी भागधारकांची कंपनी म्हणून. शेअर घेणारे होते शहरातले मोठे व्यापारी. पुढे अमेरिकेतले यादवी युद्ध पेटले, लँकेशायरला अमेरिकेचा कापूस मिळेनासा झाला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. 1861 ते 1865 या चार-पाच वर्षांत शहरात पैशाचा पूर आला. समुद्र हटवून जमीन करण्याच्या कंपन्यांचे शेअर दर्शनी किमतीच्या कित्येक पटींनी विकले गेले. 1865 मध्ये युद्ध संपले आणि सगळा डोलारा कोसळला. प्रेमचंद रायचंदांसारखा शेअरबाजाराचा राजाही त्यात बुडाला. त्यातून सावरल्यावर व्यापाऱ्यांचा पैसा गिरण्यांकडे वळला. 1875 साली गिरणीमालकांनी आपला संघ स्थापला आणि त्याच साली दलालांनी शेअरबाजाराची संघटना बांधली. एकाच शहरात, एकाच वर्षी.

गिरणी भागधारकांची असली तरी ती चालवायचे मात्र ‘एजंट’. ही मॅनेजिंग एजन्सीची पद्धत नीट समजून घेतल्याशिवाय पुढचे काही उलगडत नाही. ज्या पेढीने कंपनी उभी केली, तिलाच गिरणी चालवण्याचा लांब मुदतीचा करार मिळे. मोबदला म्हणून सुरुवातीच्या काळात रूढ होते ते पौंडामागे पाव आणा कमिशन. नफ्यावर नव्हे, उत्पादनावर. गिरणीला वर्षाअखेर तोटा आला तरी जितके पौंड सूत निघाले तितके पाव आणे एजंटाच्या खात्यात जमा. शिवाय कापूस खरेदी, कापड विक्री, विमा, कोळसा अशा वाटांनीही पेढीला काही ना काही सुटायचे. भागधारक यावर कुरकुरत आणि त्यांची कुरकुर रास्त होती. पुढे काही गिरण्यांनी नफ्याच्या दहा टक्क्यांची पद्धत घेतली, पण एजन्सीची मूळ रचना टिकली. ती कायद्याने संपली एप्रिल 1970 मध्ये, म्हणजे एक शतक उलटून गेल्यावर.

पौंडामागे पाव आणा मिळणाऱ्याला एक गोष्ट परवडत नाही: चातीने थांबणे. एक साचा, म्हणजे माग, उभा राहिला की तेवढे कापड बुडाले. माणूस तर आजारी पडणारच, शिमगा-गणपतीला कोकणात जाणारच. मग त्याची जागा तासाभरात भरायला फाटकाबाहेर दुसरा माणूस तयार हवा, आणि त्या उभ्या माणसाला उभे राहण्याचे पैसे द्यायला लागता कामा नयेत. दुसऱ्या बाजूने गोदामात माल साठला, चीनच्या बाजारात सुताला उठाव नसला, की पाळी कमी करायची आणि बदलीवाल्याला ‘आज नाही’ म्हणायचे. त्यासाठी नोटीस लागत नाही, हिशेब लागत नाही. बाजाराचा चढउतार झेलण्यासाठी धंद्याने ही गादी शोधून काढली होती. ती माणसांची होती, एवढेच.

ही माणसे आली कुठून? 1911च्या जनगणनेत गिरणी कामगारांपैकी जवळजवळ निम्मे जन्माने रत्नागिरी जिल्ह्याचे निघाले. त्या वेळी आजच्या सिंधुदुर्गाचा बराचसा भागही त्याच जिल्ह्यात होता. साताऱ्याचे, पुण्याकडचे, नंतर उत्तरेतले लोक त्यांच्या जोडीला. जमीन थोडी, तीही डोंगरउताराची. बोटीने भाऊच्या धक्क्यावर उतरायचे आणि गावकीच्या गाळ्यात जायचे. एका गाळ्यात वीस-पंचवीस जण. पहिल्या पाळीचे उठले की त्यांच्या जागी रातपाळीचे झोपायचे. काम मिळवून देणारा जॉबर बहुधा ओळखीतला. त्याला दस्तुरी द्यायची, सणाला भेट द्यायची, त्याच्या ओळखीच्या दुकानातून उधारी करायची. जॉबरला पगार गिरणीचा, पण त्याची खरी सत्ता होती ती फाटकावर उठणाऱ्या बोटात.

आतल्या कामगाराचे तरी सगळे सुखाचे होते असे नाही. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याचे दहा-पंधरा दिवस उलटल्यावर हाती पडे. कित्येक गिरण्यांत ‘डबल खाडा’ चालायचा: एक दिवस गैरहजर राहिलात तर दोन दिवसांचे पैसे कापले. कापडात तार तुटलेली राहिली, डाग पडला, तर ते नासलेले कापड विणणाऱ्याच्या गळ्यात मारून किंमत पगारातून वळती. हे साचेवाले मग संध्याकाळी तो तागा काखेत घेऊन गिऱ्हाईक शोधत फिरायचे. कंपनीच्या हिशेबात नासका माल दिसायचा नाही. तो त्याच्या खोलीत, ट्रंकेवर पडलेला असायचा.

नारायण मेघाजी लोखंडे यांनी ‘दीनबंधू’तून या गोष्टी लिहिल्या, 1884 मध्ये कामगारांच्या सभा भरवल्या, सह्या गोळा केल्या. आठवड्याची सुट्टी मान्य व्हायला 10 जून 1890 उजाडावे लागले. महाराष्ट्रात आज जो माणूस रविवारी उशिरा उठतो, त्याने हे नाव एकदा तरी घ्यावे.

एकदाच, तेही मृत्यूच्या सावलीत, फाटकाचा न्याय उलटा फिरला. 1896 मध्ये मांडवीत प्लेग उमटला आणि काही महिन्यांत मुंबई रिकामी होऊ लागली. कामगार बोटींत कोंबून कोकणात निघाले. गिरण्यांत साचे होते, हात नव्हते. तेव्हा नाक्यानाक्यावर मजुरांसाठी बोली लागल्याच्या नोंदी आहेत. एका गिरणीचा माणूस चार आणे जास्त म्हणे, दुसऱ्याचा त्यावर चढवी. रोजचा रोख पगार मिळू लागला. साथ ओसरताच ते सगळे जुन्या वळणावर आले. लोखंडे मात्र ते पाहायला राहिले नाहीत. रुग्णांची सेवा करता करता 1897 मध्ये त्यांना स्वतःलाच प्लेगने गाठले.

पहिल्या महायुद्धाने गिरण्यांना पुन्हा सुगी आणली. विलायतेचा माल येईना, सैन्याला कापड हवे, भाव चढत गेले. 1919 ते 1921 या तीन वर्षांत मुंबईच्या गिरण्यांनी भागधारकांना सरासरी तीस ते चाळीस टक्के लाभांश दिला. काही गिरण्यांनी तर शंभरावर. याच काळात कामगारांनाही वर्षाअखेर बोनस मिळू लागला होता. मग बाजार घसरला आणि पहिला हात पडला तो बोनसवर. 1924च्या जानेवारीत सुमारे दीड लाख कामगार संपावर गेले. मुख्य न्यायाधीश सर नॉर्मन मॅक्लाउड यांच्या समितीने निर्णय दिला की या बोनसवर कामगारांचा हक्क रूढीनेही सिद्ध होत नाही आणि कायद्यानेही नाही. मार्चअखेर संप मोडला. पुढच्याच वर्षी मालकांनी पगारात साडेअकरा टक्के कपात जाहीर केली. पुन्हा संप. सरकारने डिसेंबर 1925 मध्ये गिरणीच्या कापडावरची साडेतीन टक्के अबकारी स्थगित केली, तेव्हा कुठे कपात मागे गेली.

इथे थोडे थांबायला हवे. सुगीच्या वर्षांत तीस-चाळीस टक्क्यांनी वाटून टाकलेला पैसा गिरणीत राहिला असता तर नवी यंत्रे आली असती, वाईट वर्षांसाठी गंगाजळी साठली असती. तो राहिला नाही. जपानी गिरण्यांशी गाठ पडली तेव्हा मुंबईच्या पुष्कळ गिरण्या जुन्या यंत्रांवर आणि फुगवलेल्या भांडवलावर उभ्या होत्या. मग खर्च कमी करायचा तो कुठून? उत्तर ठरलेले होते.

1928 च्या सुरुवातीला ससून समूहाच्या गिरण्यांनी नवी पद्धत आणली. तिला ‘कार्यक्षमता’ असे नाव होते. साचेवाल्याने दोनऐवजी तीन साचे पाहायचे, कताईवाल्याने एका बाजूऐवजी दोन. तिसऱ्या साच्यावरचा माणूस गेला. तो जाऊन उभा राहिला फाटकाबाहेर, आधीच उभ्या असलेल्या बदलीवाल्यांच्या शेजारी. एप्रिलमध्ये संप पेटला तो ऑक्टोबरपर्यंत चालला. दीड लाख माणसे सहा महिने बिनपगारी. अर्जुन आत्माराम आळवे, कासले यांच्यासारखे गिरणीतून वर आलेले कामगार आणि डांगे, मिरजकर यांच्यासारखे कम्युनिस्ट कार्यकर्ते यांनी मे महिन्यात गिरणी कामगार युनियन स्थापली. लालबाग-परळच्या भाषेत, लाल बावटा. वर्षाअखेर तिचे पन्नास हजारांवर सभासद झाले. ज्यांना गाव होते ते गावी जाऊन भातलावणीला लागले. ज्यांना नव्हते त्यांनी बायकोच्या अंगावरचे किडूकमिडूक मोडले. संपानंतर नेमलेल्या फॉसेट समितीने वाढीव साच्यांची पद्धत पुरती नाकारली नाही. पुढच्या वर्षी मेरठच्या खटल्यात पुढारी तुरुंगात गेले, आणि 1929चा दुसरा संप हरला.

1928च्या याच संपात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी एक प्रश्न सगळ्यांपुढे ठेवला, आणि तो कामगारांनाच बोचणारा होता. साचेखात्यात पगार सर्वांत चांगला. तिथे धोट्यातली कांडी संपली की नवी भरायची आणि धोट्याच्या बारीक भोकाला तोंड लावून सुताचे टोक ओढून घ्यायचे. दिवसातून कित्येक वेळा. एकाच्या ओठाचा ओला धोटा दुसऱ्याच्या हाती जाणार, म्हणून अस्पृश्य मानलेल्या जातींच्या माणसांना या खात्यात सवर्ण कामगार पाऊल टाकू देत नसत. ते कताईत, खालच्या पगाराच्या खात्यांत अडकून पडले होते. आंबेडकरांचे म्हणणे होते की संपाच्या मागण्यांत ही मागणी आली पाहिजे. मालकाने नफ्यासाठी फाटकाबाहेर रांग लावली होती. आतल्यांनी जातीसाठी आणखी एक फाटक उभारले होते. गिरणगावाचा अभिमान बाळगणाऱ्यांनी हे पान उलटून पुढे जाऊ नये.

तिसाच्या दशकातल्या मंदीत गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, रात्रपाळ्या थांबल्या. फाटकावरची गर्दी इतकी वाढली की मालकांच्या संघालाच तिला शिस्त लावावी लागली. 1935 मध्ये बदली नियंत्रण योजना आली. महिन्याच्या पहिल्या तारखेला ठरावीक संख्येने बदली कार्डे द्यायची, कार्डवाल्यांनी रोज सकाळी हजर व्हायचे, आणि रिकाम्या जागा आधी त्यांच्यातूनच भरायच्या. जॉबरच्या बोटाची मनमानी काही अंशी आवरली, हे खरे. कार्डवाला बिनकार्डवाल्याच्या एक पायरी वर चढला, हेही खरे. पण याच कार्डाने एक गोष्ट पक्की केली. आजवर जी केवळ वहिवाट होती तिला आता छापील रूप आले. उद्या काम असेलच असे नाही, हजर मात्र व्हायचेच, असा तो कागद होता.

बायकांच्या वाट्याला तेही फारसे आले नाही. विसाच्या दशकात दर पाच कामगारांत साधारण एक बाई होती. बहुतेक कांडीखात्यात आणि रिळांवर, नायकिणीच्या, म्हणजे बाई मुकादमाच्या, हाताखाली. 1929 मध्ये मुंबई इलाख्यात बाळंतपणाच्या भत्त्याचा कायदा झाला. रात्री बायकांना कामावर ठेवायला बंदी आली. वेगाने फिरणारी नवी कांडी यंत्रे आली. प्रत्येक पायरीवर गिरणीला बाई महाग वाटू लागली, आणि रिकामी होणारी तिची जागा पुरुषाने भरली. संप झाला नाही, बातमी झाली नाही. स्वातंत्र्यानंतरच्या तीस वर्षांत बायका गिरण्यांतून जवळजवळ नाहीशा झाल्या. पण गिरणगावातून गेल्या नाहीत. त्यांनी खानावळी चालवल्या. दहा बाय बाराच्या खोलीत वीस-वीस माणसांची दोन वेळची भाकरी थापली. हिशेब महिन्याचा. बदलीवाल्याच्या पाळ्या कमी भरल्या की त्याचा हिशेब पुढे ढकलायचा आणि वाण्याचे तोंड चुकवत फिरायचे, हे खानावळवालीने ठरवूनच टाकलेले असे. 1974च्या बेचाळीस दिवसांच्या संपात याच बायकांनी उधारीवर माणसे जगवली. ते पाहून प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले.

आज हिंजवडीत किंवा ऐरोलीत एखाद्या मुलाची नोकरी जाते तेव्हा तो घरी सांगतो, ‘ले-ऑफ झाला.’ हा शब्द भारतीय कायद्यात आला तो गिरण्यांमुळे. 1953 मध्ये कापड गिरण्यांत माल साठला होता. पाळ्या बंद होतील, हजारो माणसे घरी बसतील, अशी भीती उभी राहिली. तेव्हा ऑक्टोबरमध्ये वटहुकूम निघाला आणि वर्षाअखेर औद्योगिक विवाद कायद्यात दुरुस्ती झाली. ले-ऑफ म्हणजे काम तात्पुरते नसणे, माणूस मात्र मस्टरवर राहणे. त्या दिवसांसाठी मूळ पगार आणि महागाई भत्ता यांच्या निम्मी भरपाई. माणूस कायमचा काढायचा तर ती ‘कपात’. तिला नोटीस हवी, नोकरीच्या दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार हवा, आणि शेवटी आलेला आधी जाणार हा क्रम हवा. आज ले-ऑफ म्हणून जे सांगितले जाते ती बहुधा कपातच असते. शब्द तात्पुरत्याचा, मार कायमचा.

पण त्या दुरुस्तीतले एक कलम बारकाईने वाचण्यासारखे आहे. ले-ऑफची निम्मी भरपाई कोणाला? कामगाराला, ‘बदली किंवा नैमित्तिक सोडून’. ज्याच्या डोक्यावर बेकारी रोज सकाळी उभी होती, नेमका तोच वगळला. लगेच खाली खुलासा आहे की बदलीने एक वर्षाची सलग नोकरी पुरी केली की या कलमापुरता तो बदली मानला जाणार नाही. सलग नोकरी म्हणजे बारा महिन्यांत दोनशे चाळीस दिवस भरायचे. गिरणगावात हा आकडा पोराटोरांनाही पाठ होता. दोनशे चाळीस दिवस भरतात की नाही, याची मोजणी चाळीच्या भिंतीवर खडूने चालायची. ते भरू द्यायचे की नाही, हे खडू हातात असलेल्या माणसाच्या हाती नव्हते.

पन्नास ते सत्तरच्या दशकांत गिरण्यांमधून कमावलेला पैसा नव्या धंद्यांकडे निघाला होता. सेंच्युरी गिरणी चालवणाऱ्या कंपनीने शहाडला रेयॉन काढले, पुढे सिमेंटमध्ये पाऊल टाकले. इतरांनी रसायने, कृत्रिम धागा, व्यापार असे मार्ग धरले. भागधारकाच्या दृष्टीने यात चुकीचे काही नव्हते. पैसा जिथे जास्त पिकेल तिथे पेरायचा. पण वरळी-परळच्या शेडमध्ये आजोबांच्या काळचे साचे खडखडत राहिले, आणि भिवंडी-मालेगावात यंत्रमाग वाढत गेले. तिथे मस्टर नव्हते, मग बदलीही नव्हता, कारण तिथला प्रत्येक जणच बदलीसारखा होता.

1981च्या दिवाळीत बोनसवरून ठिणगी पडली. कामगार डॉ. दत्ता सामंतांच्या घाटकोपरच्या घरी गेले. 1946च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याप्रमाणे मालकांशी बोलण्याचा अधिकार एकट्या राष्ट्रीय मिल मजदूर संघाला होता, आणि कामगारांचा त्याच्यावरचा विश्वास उडाला होता. 18 जानेवारी 1982 रोजी सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. पगारवाढ, रजा, घरभाडे या मागण्यांबरोबर बदली कामगारांना कायम करा ही मागणीही होती. ती जुनी मागणी पहिल्यांदाच एवढ्या मोठ्या आवाजात उच्चारली गेली. इतिहासकार सामंतांचे डावपेच चुकल्याचे सांगतात, आणि त्यात तथ्य आहे. पण माणसे इतका काळ टिकली कशी, हे समजून घ्यायचे तर फाटकाबाहेरची ती भिंत डोळ्यांपुढे आणावी लागते. कायम होण्याची आशा ज्याला पहिल्यांदाच दिसली, तो सहा महिन्यांत परत फिरत नाही.

मालकांना घाई नव्हती. भिवंडीत कापड विणून घ्यायचे आणि त्यावर गिरणीचा शिक्का मारायचा, ही सोय होती. संप कधीच अधिकृतपणे मागे घेतला गेला नाही. तो विरत गेला. परत आलेल्यांकडून हमीपत्रे लिहून घेतली गेली. गरज होती तेवढे आत घेतले. एक लाखाच्या वर माणसे कायमची बाहेर राहिली. त्यांच्यात वीस-वीस वर्षे कायम असलेले साचेवाले होते. पिढ्यान्‌पिढ्या जी भिंत बदलीवाल्याची होती, तिला आता सगळे गिरणगाव टेकले होते.

त्यानंतर गणितच बदलले. मध्य मुंबईत अठ्ठावन्न गिरण्यांच्या ताब्यात मिळून सहाशे एकरांच्या आसपास जमीन होती. ती त्यांना मिळाली तेव्हा परळ-लोअर परळ म्हणजे शहराबाहेरची खाजण होती. काही जमिनी नाममात्र भाडेपट्ट्यावर मिळालेल्या. नव्वदच्या दशकात हीच जागा सोन्याच्या भावाची झाली. चालणाऱ्या गिरणीपेक्षा बंद गिरणी मोलाची ठरली. 1991च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या 58व्या नियमाने जमीन विकायची वाट मोकळी केली, पण तीन वाटे ठरवले: एक महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. 2001 मध्ये नियम बदलला. वाटणी सगळ्या जमिनीची नाही, शेड पाडण्याआधी जी मोकळी होती तेवढ्याच जमिनीची, असा अर्थ झाला. गिरण्या काठोकाठ बांधलेल्या होत्या. मोकळी जागा होतीच किती? ऑक्टोबर 2005 मध्ये उच्च न्यायालयाने हा अर्थ नाकारला. 7 मार्च 2006 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो मान्य केला. शहराच्या हातून बागा, शाळा, दवाखाने, घरे होण्याजोगी कितीतरी जमीन एका शब्दाच्या अर्थाने गेली. मुंबईच्या गेल्या पन्नास वर्षांतला हा सर्वांत मोठा तोटा आहे, आणि तो कोणत्याही कंपनीच्या ताळेबंदात लिहिलेला नाही.

2005 मध्ये राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाने आपल्या पाच गिरण्यांच्या जमिनी विकल्या. त्यातली लोअर परळची मुंबई टेक्सटाइल गिरणी एकटी 702 कोटींना गेली. पाचांचे मिळून दोन हजार कोटींच्या वर झाले. यातून स्वेच्छानिवृत्तीची देणी भागवायची आणि काही गिरण्या चालवायच्या, असे ठरले होते. स्वेच्छानिवृत्तीला गिरणगावात कोणी पूर्ण नावाने म्हटले नाही. ‘व्हीआरएस घेतली’ एवढेच. त्या शब्दातली स्वेच्छा कोणाची होती, हे चाळीत विचारायची गरज नव्हती. चाळिशी-पन्नाशीतली माणसे हातात धनादेश घेऊन फाटकाबाहेर आली. कोणी गावी घर बांधले, कोणी मुलीचे लग्न केले, कोणी रिक्षा घेतली, कोणी टॉवरच्या दारावर सुरक्षारक्षकाचा गणवेश चढवला. ज्या जागी साचे ओढले, त्याच जागी बारा तास उभे राहून येणाऱ्या गाड्यांचे नंबर वहीत लिहिणारे कित्येक जण लोअर परळमध्ये भेटत.

लढून मिळाली ती घरे. 2012 च्या जूनमध्ये म्हाडाने गिरणी कामगारांच्या घरांची पहिली मोठी सोडत काढली. घर सव्वादोनशे चौरस फुटांचे. अर्ज दीड लाखाच्या आसपास, घरे त्यांच्या मानाने अगदी थोडी. नंतरच्या सोडतींनीही ही दरी बुजली नाही, आणि अर्ज केलेली माणसे वाट पाहता पाहता जात राहिली. त्यांच्या जागी मुले-सुना वारस म्हणून उभ्या राहिल्या.

अर्ज करायचा तर अट एकच मोठी: 1 जानेवारी 1982 रोजी किंवा त्यानंतर गिरणीत काम केल्याचा पुरावा. संपाच्या सतरा दिवस आधीची तारीख. पुरावा म्हणून चालणाऱ्या कागदांच्या यादीत ओळखपत्र आहे, तिकीट नंबर आहे, पगारपावती आहे, भविष्य निर्वाह निधीचा आणि कामगार विम्याचा क्रमांक आहे, हजेरीपत्र आहे, लाल पास आहे. छाननीच्या दिवशी दालनाबाहेर म्हातारे लोक प्लास्टिकच्या पिशवीत हे घेऊन बसलेले दिसायचे. पिशवीवर पिशवी, तिला रबर. आत घडीवर फाटलेली पगारपावती, विम्याचे पिवळे पडलेले पुस्तक. आणि कोपरे झिजलेला एखादा पास, ज्यावर गिरणीचे नाव आहे, खात्याचे नाव आहे, नंबर आहे आणि हजेरीच्या चौकटी आहेत: काही भरलेल्या, बऱ्याच कोऱ्या. खिडकीपलीकडचा कारकून तो पास उजेडाला धरून पाहतो. आजोबा हाताच्या बोटाने दाखवतात, हा नंबर माझा. कारकून विचारतो, कायम होता की बदली?